फाइल पोचली हे कुणी सांगायचं?

शाळेच्या संगणकावर वर्षभरात बरंच काही साठतं. स्नेहसंमेलनाचं चित्रीकरण, सहलीचे फोटो, निकालपत्रकं, जुन्या हजेरीपटांची छायाचित्रं. डिस्क भरत आली की कुणीतरी सुचवतं, हे सगळं 'क्लाउड'वर टाकून देऊ. पडद्यावरची पट्टी हळूहळू भरत जाते, शंभर टक्के होतात, हिरवी खूण उमटते. आता मूळ फाइल पुसायला हरकत नाही ना?

प्रश्न साधा वाटतो. पण त्या हिरव्या खुणेचा अर्थ नेमका काय घ्यायचा? शेवटचा तुकडा आपल्या संगणकातून बाहेर पडला, एवढाच? की तो तिकडच्या संगणकाला मिळाला? मिळाला तो जसाच्या तसा मिळाला? आणि मिळालेला तो तिकडच्या डिस्कवर नीट लिहिला गेला? या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली खरी असून चौथी खोटी असू शकते. पुसायचं की नाही हे चौथीवर अवलंबून असतं, आणि आपण मात्र बऱ्याचदा पहिलीवर समाधान मानतो.

क्लाउड म्हणजे ढगबिग काही नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीच्या मोठमोठ्या इमारती, त्यांत ओळीने मांडलेले हजारो संगणक आणि डिस्का, अखंड वीज आणि थंड हवा. आपण त्यांतली थोडी जागा भाड्याने घेतो. ॲमेझॉनने 'एस-थ्री' ही साठवणुकीची सेवा मार्च २००६ मध्ये सुरू केली, तेव्हापासून हा धंदा फोफावला. जागा आपली नाही आणि ती समोरही नाही. त्यामुळे 'पाठवणं' आणि 'पोचणं' यांतला फरक इथे फार महत्त्वाचा ठरतो.

एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल पाठवायची रीत मात्र क्लाउडपेक्षा खूपच जुनी आहे. 'एफटीपी' म्हणजे फाइल पाठवण्याच्या नियमावलीचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये लिहिला तो अभय भूषण यांनी. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, आणि तेव्हा अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. इंटरनेटवर आज जी वाहतूक चालते तिचा पाया घालणारा व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांचा निबंध त्यानंतर तीन वर्षांनी, १९७४ मध्ये आला.

पोचपावतीचा हिशोब

रजिस्टर पत्राला जोडलेलं पोचपावतीचं कार्ड अनेकांना आठवत असेल. पत्र घेणाऱ्याने त्यावर सही करायची आणि कार्ड उलट टपालाने पाठवणाऱ्याकडे यायचं. इंटरनेटवर फाइल जाते ती जवळजवळ याच पद्धतीने. फाइलचे लहान लहान तुकडे करतात. एका तुकड्यात साधारण १,४६० बाइट माहिती मावते. त्याला पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटमधली माहिती फाइलमध्ये कितव्या बाइटपासून सुरू होते तो क्रमांक पॅकेटवर असतो. घेणारा संगणक 'इथपर्यंतचं मिळालं' अशी पोच उलट पाठवतो. ठरावीक वेळात पोच आली नाही, तर पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा पाठवतो. हे काम पाहणाऱ्या नियमावलीचं नाव टीसीपी.

हा खेळ वर्गात करून पाहण्याजोगा आहे. व्हरांड्याच्या दोन टोकांना दोन विद्यार्थी उभे करा. तिसऱ्याला टपालवाला करा. एकाजवळ क्रमांक घातलेल्या वीस चिठ्ठ्या द्या. पहिल्या फेरीत नियम असा, की एक चिठ्ठी पाठवायची आणि तिची पोच हातात आल्याशिवाय दुसरी पाठवायची नाही. घड्याळ लावून वेळ मोजा. दुसऱ्या फेरीत पाच-पाच चिठ्ठ्या एकदम पाठवू द्या. तिसऱ्या फेरीत टपालवाल्याच्या कानात हळूच सांगा, की एखादी चिठ्ठी खिशात घाल, आणि एकदा चिठ्ठी पोचवून पोच मात्र हरव. या शेवटच्या प्रकारात मजा येते. पाठवणाऱ्याला कळतच नाही की चिठ्ठी हरवली की पोच हरवली. तो आपला पुन्हा पाठवतो, आणि घेणाऱ्याकडे एकच चिठ्ठी दोनदा येते. क्रमांक कशासाठी लागतात हे मग मुलं आपणहून सांगतात.

आता खेळातले आकडे खरे घेऊ. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईच्या किनाऱ्यावरून समुद्राखालच्या तारांनी निघून अमेरिकेच्या पूर्वेकडच्या व्हर्जिनियात जाऊन परत यायचं, तर वळणावळणाची वाट आणि मधले थांबे धरून साधारण ०.२ सेकंद लागतो. व्हर्जिनियाच का, तर ॲमेझॉनची सर्वांत जुनी डेटा सेंटरं तिथे आहेत. समजा आपल्याला १ गिगाबाइटची, म्हणजे १०० कोटी बाइटची फाइल तिथे पाठवायची आहे आणि आपली जोडणी सेकंदाला १०० मेगाबिटची आहे.

फाइलचे १,४६० बाइटचा एक असे जवळजवळ ६,८५,००० तुकडे होतील. एक पाठवा, पोचेची वाट पाहा, मग दुसरा, असं केलं तर ६,८५,००० × ०.२ म्हणजे १,३७,००० सेकंद लागतील. तब्बल ३८ तास! तार तेवढीच रुंद आहे, पण बहुतेक काळ ती रिकामी पडून आहे.

म्हणून टीसीपीमध्ये 'खिडकी' असते. पोच न येता जास्तीत जास्त किती बाइट पुढे पाठवून ठेवता येतील, ती मर्यादा म्हणजे खिडकी. १९८१ साली टीसीपीचं प्रमाण ठरलं तेव्हा खिडकीचा आकार लिहायला १६ बिट राखून ठेवले होते. १६ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ६५,५३५. म्हणजे दर ०.२ सेकंदाला फार तर ६५,५३५ बाइट, सेकंदाला ३,२७,००० च्या आसपास. आपली फाइल ५१ मिनिटांत जाईल. तुमची जोडणी १०० मेगाबिटची असो की १,००० ची, ५१ मिनिटंच. जास्त वेगाची जोडणी घेऊनही परदेशी पाठवायच्या फाइलचा वेग वाढत नाही ही तक्रार फार जुनी आहे, आणि तिचं उत्तर बऱ्याचदा या भागाकारात सापडतं.

मग खिडकी केवढी हवी? भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांना हे गणित ओळखीचं वाटेल. नळीत एका वेळी किती पाणी मावतं, तर तिच्या तोंडाचं क्षेत्रफळ गुणिले लांबी. इथे तोंडाच्या जागी जोडणीचा वेग घ्यायचा आणि लांबीच्या जागी जाण्यायेण्याचा वेळ. १०० मेगाबिट गुणिले ०.२ सेकंद म्हणजे २० मेगाबिट, म्हणजेच २५ लाख बाइट. सुमारे १,७०० पॅकेटं सतत वाटेत असतील तेव्हाच ही नळी भरलेली राहील. तशी ती राहिली, तर फाइल ८० सेकंदांत जाते. १९९२ मध्ये प्रमाणात सुधारणा करून खिडकीच्या आकड्याला गुणक जोडायची सोय झाली, त्यामुळे हे शक्य झालं.

३८ तास, ५१ मिनिटं, ८० सेकंद. तार तीच, फाइल तीच, आणि पोच देण्याची शिस्तही तीच. पोचेची वाट कशी पाहायची तेवढंच बदललं.

जवळच्या डेटा सेंटरचा फायदाही यातूनच समजतो. ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपापली डेटा सेंटरं सुरू केली. महाराष्ट्रातल्या एखाद्या शहरातून मुंबईला जाऊन यायला ०.०१ सेकंद लागतो असं धरलं, तर जुन्या ६५,५३५ च्या खिडकीतूनही वेग वीसपट होतो. विद्यार्थ्यांना करून पाहायला सांगा.

पुन्हा पाठवण्याचा अतिरेक

इथपर्यंत असं वाटेल, की खिडकी मोठी ठेवावी, पोच आली नाही की झटपट पुन्हा पाठवावं, काम झालं. १९८६ पर्यंत टीसीपी जवळपास असंच वागत होतं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात एक विचित्र गोष्ट घडली. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचं बर्कली इथलं आवार यांच्यात अंतर होतं अवघं ४०० यार्ड. त्यांच्यातला माहितीचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. आठशेपट घट! इतक्या वेळात चिठ्ठी हाती धरून चालत जाणारा माणूस नक्की पुढे गेला असता.

तार तुटली नव्हती. झालं होतं असं: वाटेतल्या यंत्रांपाशी पॅकेटांची रांग लांबली, म्हणून पोच यायला उशीर होऊ लागला. पाठवणाऱ्यांना वाटलं, पॅकेट हरवलं. त्यांनी ते पुन्हा पाठवलं. रांग आणखी लांबली. रांगेत जागा संपली तशी काही पॅकेटं खरोखरच टाकून दिली गेली, मग तीही पुन्हा पाठवली गेली. तारेतून वाहणारा बहुतेक माल आधीच पोचलेल्या गोष्टींच्या नकलांचा होता. प्रत्येक संगणक आपापल्यापुरता चोख वागत होता आणि सगळे मिळून सर्वांची वाट अडवत होते. अरुंद पुलावर दोन्ही बाजूंनी गाड्या घुसल्या की जे होतं तेच.

व्हॅन जेकबसन यांनी या कोंडीचा अभ्यास करून १९८८ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातले नियम थोड्याफार फरकाने आजही चालतात. सुरुवात थोड्या पॅकेटांनी करायची. पोच येत गेली की दर फेरीला खिडकी दुप्पट करत जायची. एका मर्यादेनंतर मात्र दर फेरीला एकेक पॅकेटनेच वाढवायची. आणि पॅकेट हरवलं, की ती वाट तुंबल्याची खूण समजून खिडकी निम्मी करायची. जेकबसन यांची मूळ कल्पना मला फार सुंदर वाटते. जाळ्यातून एक पॅकेट बाहेर पडल्याची वर्दी म्हणजे पोच, तेव्हा एक पोच आली की एक नवं पॅकेट आत सोडायचं. वेगळा पोलीस नको, वेगळा सिग्नल नको. घड्याळाचं काम पोचच करते.

या शहाणपणाची किंमत लांबच्या वाटेवर चुकवावी लागते. आपल्या उदाहरणात १,७०० पॅकेटं वाटेत आहेत. त्यांतलं एक हरवलं. खिडकी ८५० वर आली. दर फेरीला एक याप्रमाणे पुन्हा १,७०० वर जायला ८५० फेऱ्या लागतील, म्हणजे ०.२ सेकंदाने १७० सेकंद. एका पॅकेटपायी जवळजवळ तीन मिनिटं आपण पूर्ण वेगाच्या खाली! एवढ्या वेळात दोन फाइली गेल्या असत्या. हीच फेरी मुंबईतल्या मुंबईत ०.०१ सेकंदाची असती, तर खिडकीही लहान पुरली असती आणि ती अर्ध्या सेकंदाच्या आत सावरली असती.

यावर उपाय निघाले आहेत. 'क्युबिक' ही खिडकी वाढवण्याची पद्धत २००६ पासून लिनक्समध्ये रूढ झाली. कमी झालेली खिडकी ती झपाट्याने वर नेते आणि जिथे घोटाळा झाला होता त्या आकड्याजवळ आल्यावर सावकाश चालते. गूगलने २०१६ मध्ये जाहीर केलेली 'बीबीआर' पद्धत पॅकेट हरवण्याला फारशी दाद देत नाही. ती पोच कोणत्या वेगाने येते आणि जायला-यायला किती वेळ लागतो हे मोजत राहते आणि त्यावरून वाटेची ताकद ठरवते.

क्लाउडवर मोठ्या फाइली पाठवताना मात्र सर्वांत जास्त वापरला जाणारा उपाय याहून सोपा, किंबहुना ढोबळ आहे. फाइलचे मोठाले भाग पाडायचे आणि ते एकाच वेळी अनेक जोडण्यांवरून पाठवायचे. एस-थ्रीमध्ये ही सोय २०१० पासून आहे. एका फाइलचे १०,००० पर्यंत भाग करता येतात. दहा जोडण्या असतील, तर एकावर पॅकेट हरवल्याने फक्त त्या एकीची खिडकी निम्मी होते, बाकीच्या नऊ चालूच राहतात. शिवाय वीज गेली किंवा जोडणी तुटली, तर पोचलेले भाग पुन्हा पाठवावे लागत नाहीत. ९८ टक्क्यांवर तुटून पुन्हा शून्यापासून सुरू, हा अनुभव ज्यांनी घेतला असेल त्यांना याचं मोल सांगायला नको. प्रत्येक भागाला क्रमांक असतो, आणि त्याच क्रमांकाचा भाग पुन्हा आला तर तो आधीच्याची जागा घेतो. त्यामुळे शंका आली की खुशाल पुन्हा पाठवावं, दुप्पट काही साठत नाही. व्हरांड्यातल्या खेळात मुलांनी शोधलेला नियम तो हाच.

एक मात्र खरं, की टीसीपी वाटेचा वाटा जोडणीगणिक देतं, माणसागणिक नाही. दहा जोडण्या उघडणारा म्हणजे रेशनच्या रांगेत घरची दहा माणसं उभी करणारा. त्याचं काम लवकर होतं, पण मागच्यांचं काय, हा प्रश्न उरतोच.

बेरीज बरोबर, हिशोब चूक

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. सगळी पॅकेटं मिळाली, सगळ्यांची पोच आली. मिळालेली फाइल तीच आहे का?

प्रत्येक पॅकेटबरोबर टीसीपी एक तपासणीचा आकडा पाठवतं. माहितीचे १६-१६ बिटांचे गट करून त्यांची एका विशिष्ट रीतीने बेरीज केलेली असते. घेणारा तीच बेरीज करून पाहतो. जुळली नाही, तर पॅकेट टाकून देतो. उपाय स्वस्त आहे आणि बराच उपयोगी आहे. पण फळ्यावर १२, ४५, ३०, ८ हे आकडे लिहा. बेरीज ९५. आता ४५ आणि ३० यांची अदलाबदल करा. बेरीज ९५ च! साध्या बेरजेला क्रमाची जाणीव नसते. पहिल्या आकड्याला १ ने, दुसऱ्याला २ ने, असं जागेप्रमाणे गुणून बेरीज केली, तर आधी २२४ येतात आणि अदलाबदलीनंतर २३९. चूक पकडली गेली. पुस्तकांवरच्या दहा अंकी आयएसबीएन क्रमांकात याच धर्तीची युक्ती होती. आधार क्रमांकाचा शेवटचा अंकही अशीच, पण अधिक पक्की तपासणी करतो.

प्रत्यक्षात किती चुका होतात? जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी २००० साली खऱ्या इंटरनेटवरच्या पॅकेटांच्या नोंदी तपासून उत्तर दिलं. निरनिराळ्या ठिकाणी दर १,१०० पॅकेटांत एक ते दर ३२,००० पॅकेटांत एक, इतक्या प्रमाणात टीसीपीची बेरीज जुळत नव्हती. त्याआधी तारेवरच्या कडक तपासणीतून हीच पॅकेटं सुखरूप पार पडली होती, हे विशेष. म्हणजे बिघाड तारेत नव्हता, तारेच्या टोकांना बसलेल्या यंत्रांत आणि प्रणालींत होता. आणि दर १.६ कोटी ते १,००० कोटी पॅकेटांमागे एक चूक टीसीपीच्या बेरजेलाही चकवून जाईल, असा त्यांचा अंदाज होता. आपल्या १ गिगाबाइटच्या फाइलची पॅकेटं जवळजवळ सात लाख. वाईटातली वाईट स्थिती धरली, तर अशा तेवीस-चोवीस फाइलींमागे एक न पकडलेली चूक. घरगुती फोटोंना हे चालून जाईल. निकालपत्रकाला चालेल का?

या प्रकाराचं सर्वांत बोलकं उदाहरण त्याआधीचं, एमआयटीतलं आहे. तिथे अनेक लहान जाळी मधल्या संगणकांनी एकमेकांना जोडलेली होती. एका संगणकापासून पुढच्यापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर तपासणी होती, म्हणून सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की जाळं भरवशाचं आहे. मधल्या एका संगणकात असा दोष निर्माण झाला, की आलेली माहिती स्मृतीच्या एका भागातून दुसऱ्यात उतरवताना साधारण दर दहा लाख बाइटांमागे एकदा बाइटांच्या एका जोडीची आपसात अदलाबदल व्हायची. तारेवर माहिती शुद्ध, तपासणी उत्तम, आणि दोन तपासण्यांच्या मधल्या जागेत चूक. एका संगणक प्रणालीचा मूळ मजकूर असलेल्या कितीतरी फाइली त्या वाटेने पुन्हा पुन्हा गेल्या आणि बिघडल्या. शेवटी मालकांना जुन्या छापील प्रती काढून त्यांच्याशी ओळीन्‌ओळ ताडून पाहत बसावं लागलं.

ही हकिगत जेरोम सॉल्टझर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात आहे, आणि त्या निबंधातलं मुख्य उदाहरण फाइल पाठवण्याचंच आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. वाट कितीही भरवशाची केली, तरी डिस्कवरून वाचताना, स्मृतीत उतरवताना, पलीकडे लिहिताना चूक होऊ शकते. वाटेला हे कधीच कळणार नाही. तेव्हा शेवटची तपासणी दोन टोकांनाच व्हायला हवी: इकडच्या डिस्कवरची फाइल आणि तिकडच्या डिस्कवर लिहिली गेलेली फाइल. आणि ती तशी करायचीच असेल, तर वाटेतल्या तपासण्या परिपूर्ण असण्याची गरज उरत नाही. त्या फक्त वेळ वाचवण्यापुरत्या असाव्यात. चुकलेलं एक पॅकेट वाटेतच पकडलं तर सबंध फाइल पुन्हा पाठवायला लागत नाही, एवढाच त्यांचा उपयोग. पण तो फार मोठा आहे.

फाइलचा ठसा

दोन फाइली दोन खंडांत असताना ताडून कशा पाहायच्या? एक इकडे आणली, की ती आणताना पुन्हा तोच प्रश्न. इथे अंगठ्याच्या ठशासारखी एक युक्ती कामी येते. सबंध फाइलवर ठरावीक गणिती क्रिया करून एक छोटा आकडा काढायचा. 'एमडी-५' पद्धतीत तो १२८ बिटांचा असतो, 'एसएचए-२५६' मध्ये २५६ बिटांचा. फाइलमधलं एक अक्षर बदललं, दोन अक्षरांची अदलाबदल झाली, तरी ठसा पार बदलतो. पाठवणाऱ्याने इकडे ठसा काढायचा, घेणाऱ्याने तिकडे काढायचा, आणि फक्त ठसे जुळवायचे. (मुद्दाम फसवणूक करणाऱ्याला एकच ठसा असलेल्या दोन फाइली एमडी-५ मध्ये तयार करता येतात, हे २००४ मध्ये सिद्ध झालं. अपघाताने झालेली चूक पकडायला ती पद्धत अजूनही पुरेशी आहे.)

एस-थ्रीमध्ये पाठवतानाच ठसा सोबत देता येतो. तिकडे काढलेला ठसा त्याच्याशी जुळला नाही, तर फाइल स्वीकारलीच जात नाही. फाइल भागाभागांनी पाठवली असेल, तर पूर्वापार पद्धतीत प्रत्येक भागाचा ठसा काढून त्या ठशांचा मिळून एक ठसा काढला जातो. आपण घरी सबंध फाइलचा काढलेला ठसा याच्याशी जुळत नाही, आणि फाइल बिघडली असं वाटून माणूस उगाच घाबरतो. डिसेंबर २०२४ मध्ये ॲमेझॉनने आपली प्रणाली अशी बदलली, की नव्याने येणाऱ्या प्रत्येक फाइलसाठी तपासणीचा आकडा आपोआप काढून तिच्याबरोबर ठेवला जातो. १९८४ चा निबंध आणि हा बदल यांच्यात ४० वर्षं गेली.

ठसा कुठे नाही, हेही पाहावं लागतं. २० जुलै २००८ रोजी एस-थ्री ही सेवा सात-आठ तास बंद पडली. तिच्यावर अवलंबून असलेली अनेक संकेतस्थळंही त्याबरोबर अडली. कंपनीने नंतर कारण जाहीर केलं. ग्राहकांच्या फाइलींना एमडी-५ चे ठसे होते. पण आतले संगणक 'कोण चालू आहे, कोण बंद आहे' याची खबर एकमेकांना देत असतात, त्या निरोपांना ठसा नव्हता. अशा मोजक्या निरोपांत एक एक बिट बदललं. निरोप वाचता येत होता, अर्थही लागत होता, फक्त तो खोटा होता. अफवा पसरावी तसा तो पसरत गेला, आणि शेवटी सगळे संगणक थांबवून, जमलेली सगळी खबर पुसून ते पुन्हा सुरू करावे लागले.

मग हिरवी खूण पाहून मूळ फाइल पुसायची का? ज्या सेवेत फाइल अनेक ठिकाणी लिहून झाल्यावरच होकार दिला जातो आणि ठसे जुळवले जातात, तिथली खूण चौथ्या प्रश्नाचं उत्तर देते. एस-थ्रीची रचना तशी आहे. प्रत्येक सेवेची तशी असेलच असं नाही, आणि खुणेकडे पाहून ते ओळखता येत नाही. महत्त्वाच्या फाइलींसाठी साधी रीत अशी: पाठवण्यापूर्वी ठसा काढून वहीत नोंदवून ठेवा, विंडोज आणि लिनक्स दोन्हींत त्यासाठी आज्ञा असते. दुसऱ्या संगणकावर फाइल उतरवून घ्या, पुन्हा ठसा काढा, आणि जुळला तरच पुसा. वेळ लागतो खरा. म्हणून हजेरीपटाला आणि निकालाला हे करावं, सहलीच्या शंभराव्या फोटोला करू नये. आणि भागाभागांनी पाठवणं मधेच सोडून दिलं, तर पोचलेले भाग तिकडे तसेच पडून राहतात आणि त्यांचं भाडंही चालू राहतं, हे भाड्याची जागा घेणाऱ्यांनी लक्षात ठेवलेलं बरं.

विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण देतो. एप्रिल २०१७ मध्ये पृथ्वीवरच्या अनेक रेडिओ दुर्बिणींनी मिळून एम-८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं निरीक्षण केलं. त्यावरून तयार झालेलं चित्र १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झालं. जमलेली माहिती सुमारे ५ पेटाबाइट होती, म्हणजे ५ वर १५ शून्यं इतके बाइट. ती तारेने पाठवलीच नाही. सुमारे अर्धा टन वजनाच्या डिस्का विमानांनी अमेरिकेत बॉस्टनजवळ आणि जर्मनीत बॉनला नेल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्कांना तिथला हिवाळा संपून विमानं सुरू होईपर्यंत, म्हणजे वर्षाच्या अखेरपर्यंत थांबावं लागलं. सेकंदाला १ गिगाबिट वेगाच्या तारेने ही सगळी माहिती पाठवायला किती दिवस लागले असते? विमान २४ तासांत पोचलं असं धरलं, तर त्याचा वेग सेकंदाला किती गिगाबिट झाला? दोन्ही उत्तरांत एकच आकडा येतो. तो का, हेही शोधायला सांगा. आणि मग विचारा, की विमानातून उतरलेल्या डिस्कवर जे आहे ते दुर्बिणीपाशी लिहिलं होतं तेच आहे, हे कसं ठरवाल?